जिनामागच्या घरातली पांढरी उंदरीण

अकोल्यात ताईचे घर एका जिनाच्या मागच्या भिंतीला लागून होते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करण्याचा कारखाना. दिवाळीनंतर तो सुरू झाला की ऊन तापेपर्यंत त्या गल्लीतली हवा कधी पूर्ण रिकामी नसे. तिच्यात रुईचे बारीक तंतू तरंगत. ते खाली येत आहेत की वर जात आहेत, हे बराच वेळ पाहिले तरी कळत नसे. कडुनिंबाच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर, रांजणातल्या पाण्यावर त्यांची साय धरे. दुपारी ओसरीवर उन्हाची तिरीप आली की ते दिसत. तिरीप सरकली की हवा स्वच्छ झाल्यासारखी वाटे. ती झालेली नसे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात कामाला होतो आणि कापसाच्या बाजाराची बातमी आणायला दर आठवड्याला अकोल्याला जाई. मुक्काम ताईकडे. भाऊजी त्याच जिनात देखरेखीवर होते. घरात तिसरे माणूस म्हणजे ताईचे सासरे. ताई त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही मामाजीच म्हणत असे.

मामाजींचे आयुष्य बाळापूरकडच्या एका मळ्यात गेले होते. वांगी, मिरची, कांदा, आणि सणांच्या दिवसांत शेवंती. बायको गेल्यावरही ते तिथे एकटे राहिले. पुढे त्यांना दम लागू लागला, पावले सुजली, आणि भाऊजींनी त्यांना अकोल्याला आणले, कारण डॉक्टर अकोल्यात होता; मळा आणि बैल वाटेकरी पाहू लागला. डॉक्टरने छातीला नळी लावली, हृदय थकले आहे असे सांगितले आणि थेंबांची बाटली दिली. मामाजींना आडवे होता येत नसे. पाठ जमिनीला लागली की श्वास कोंडे. ओसरीच्या खांबाला गोधडीची वळकटी टेकवून ते बसल्या बसल्या झोपत. त्यांचे मागणे एकच होते आणि ते रोज मांडले जाई. मळ्यात परत जायचे आणि आडवे होऊन झोपायचे.

"तिथं डाक्टर कोन हाय, बाबा?" भाऊजी विचारत.

"इथं हाय ना? मंग मले झोप काहून येत नाई?"

बाटलीतले थेंब ते घेत नसत. ताई वाटीत घालून ठेवी आणि ते वाटी हळूच कुंडीतल्या तुळशीत रिकामी करत. ताईला हे ठाऊक होते. तुळस मात्र चांगली होती.

त्या हिवाळ्यात अमरावतीच्या कॉलेजात एक लहानसे प्रदर्शन भरले. त्यात काचेच्या पेटीत पांढरे उंदीर ठेवले होते. प्रदर्शन संपल्यावर जास्तीच्या उंदरांचे काय करणार, असे मी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना बातमीसाठी विचारले. ते पुण्याकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "उद्या विद्यार्थी फाडतील. एक हवा असेल तर न्या." बातमी चार ओळींची झाली. उंदीर मात्र, म्हणजे उंदरीण, टोपलीत घालून मी अकोल्याला नेली. माझ्या खोलीवर मांजरांचा राबता होता आणि दुसरे घर मला माहीत नव्हते.

मामाजींनी टोपलीत पाहिले आणि तोंड फिरवले.

"माह्या जल्माचे दुश्मन हे. अर्ध्या वावरातला भुईमूग खाल्ला यायनं. अन तू टोपलीत बसवून आनून राह्यला?"

"आता एक मांजर बी आना, साळेबुवा," भाऊजी म्हणाले. "म्हंजे घर भरलं."

उंदरीण टोपलीच्या काठावर चढली, तिथून मामाजींच्या धोतराच्या घोळात उतरली आणि बसली. मग तिने पुढचे दोन्ही पंजे जोडून तोंड धुतले, कानामागून पंजे फिरवले, पुन्हा तोंड धुतले. मामाजी मान न हलवता पाहत राहिले.

"हे तं तोंड धुते," ते म्हणाले. "आमच्या घरातल्या मान्सायच्या आंधी धुते."

"मले बोलून राह्यले," भाऊजी ताईला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा टोपली खांबाला टेकून होती आणि तिच्यात कापूस होता. भाऊजी जिनातून मूठ मूठ रुई आणत. मामाजी दोन अंगठ्यांत धरून तिचा धागा ओढून पाहत, आखूड निघाला तर परत पाठवत. आमच्याकडे जन्मलेल्याच्या अंगाखाली कापूस असतो आणि गेलेल्याच्या नाकात कापूस असतो. मधल्या सगळ्या आयुष्यात त्याच्याहून मऊ काही असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पांढरी उंदरीण त्या पांढऱ्या रुईत शिरली की दिसेनाशी होई. थोड्या वेळाने दोन लाल डोळे दिसत, मग नाक, मग ती. मामाजी दुपारभर हे पाहत. बाहेर जिनाचा एकसुरी आवाज चालू असे. त्या आवाजात ओसरीवरचे सगळेच अर्धवट झोपेत असल्यासारखे होत, ताईच्या हातातली सुपातली तूरही हळू पाखडली जाई.

संक्रांतीच्या सुमारास उंदरीण शिंकू लागली. आधी अधूनमधून, मग सारखी. नाकाच्या टोकाला आणि डोळ्यांभोवती लाल कड धरली. मामाजींना ते रक्त वाटले. श्वासाला आवाज येऊ लागला, उकळी यायच्या आधी दूध करते तसा. मामाजींनी तिला गारठा बाधला असे ठरवले आणि मळ्यात वासरांना करत तोच उपाय केला. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा आणि कडुनिंबाचा पाला टाकून टोपलीला धुरी दिली, आणि खाली रुईचा आणखी एक थर घातला. धुरीनंतर तिच्या अंगावरचे केस उभे राहिले. प्रत्येक श्वासाला तिच्या कुशी आत ओढल्या जाऊ लागल्या.

मी गेलो त्या दिवशी ती झोपली होती, पण अंगाचे मुटकुळे करून नव्हे. पाण्याच्या वाटीच्या काठावर हनुवटी टेकून, मान वर धरून.

"पाह्यलं?" मामाजी म्हणाले. "इले बी आडवं होता येत नाई."

ताई दारात उभी होती. तिने वेगळीच गोष्ट विचारली.

"मामाजी, हे इथं पडली तं कसं करायचं?"

वऱ्हाडात त्या पिढीला उंदीर मरतो असे म्हणायची सवय नव्हती. उंदीर पडतो. आणि उंदीर पडला की घर सोडायचे, वावरात झोपड्या घालून राहायचे, हे प्लेगच्या साथींनी शिकवलेले होते. अधिकारी येऊन सांगण्याच्या आधीच लोक भांडी बांधत.

मामाजींना तो काळ आठवला. ते डोळे मिटून बोलले, झोपेत बोलतात तसे, मध्येमध्ये दम घेत. ते तेव्हा जवान होते, लग्न नुकते झालेले. गावात उंदीर पडला आणि सगळे मळ्यात आले. तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, झोपडी. दाराला दार नाही. "सकायी डोये उघडले का समोर वांग्याची फुलं. तुही सासू म्हने, गावात कायले जाता आता." त्यांची आई त्याच साथीत गेली, हे त्यांनी नंतर सांगितले, त्याच आवाजात. "पन झोप," ते म्हणाले, "झोप तशी मंग कई आली नाई."

मग त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

"तुह्या त्या मास्तरकडे घेऊन जा इले. त्यानंच देल्ली ना? मंग दुरुस्त बी त्यानंच करून द्यावी."

अकोल्याहून बडनेरा, तिथे गाडी बदलून अमरावती. टोपली मांडीवर, वर ओले फडके. समोरच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने विचारले, "काय हाय?" मी उंदीर आहे असे सांगितले. त्याने काही वेळ विचार केला. "अकोल्याचे उंदीर पुरत नाईत का अमरावतीले?" असे म्हणून तो खिडकीकडे वळला. बाहेर काळी शेते मागे जात होती. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांवर राहिलेली चुकार बोंडे दिवसा विझवायला विसरलेल्या दिव्यांसारखी दिसत होती. फडक्याखालून येणारा श्वास मी ऐकत होतो. गाडी थांबली की तो ऐकू येई आणि सुटली की चाकांच्या आवाजात बुडे. प्रत्येक स्टेशनावर तो आहे याची खात्री होई.

प्राध्यापकांनी तिला टेबलावर पंचावर ठेवले. लाल कड त्यांनी ओल्या बोळ्याने पुसली. ते रक्त नव्हते. आजारी उंदराच्या डोळ्यांतून आणि नाकातून असे लाल पाणी येते, ते म्हणाले, घाबरण्याचे कारण ते नव्हे. कारण दुसरे होते. त्यांनी बारीक रबरी नळीला काचेचे लहान नरसाळे लावून तिच्या छातीवर धरले आणि बराच वेळ ऐकले. मग नळी माझ्या कानात दिली. आधी फुप्फुसातली घरघर आली. तिच्या मागे, लांबच्या गल्लीत पिंजारी कापूस पिंजतो आहे असा आवाज होता, धनुष्याच्या दोरीचा, न थांबणारा. मोजता येणार नाही इतका जलद. मध्येच दोरी चुकल्यासारखी होई आणि पुन्हा लागे.

"छाती तर धरलीच आहे," ते म्हणाले, "आणि तिला ओढून ओढून हृदयही दमले आहे. खाली काय घालता?"

"कापूस."

"कापूस," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "जिनातला?"

"हो. उत्तम प्रतीचा."

"तुमच्या प्रांतात हे कोणाला सांगायचे कसे, हा प्रश्न आहे. ती दिवसरात्र त्यात नाक खुपसून आहे. तिच्या फुप्फुसात तुमचा उत्तम प्रतीचा कापूस आहे."

मग त्यांनी जे सांगितले ते मी तसेच्या तसे डोक्यात घेऊन अकोल्याला गेलो. कापूस काढून टाकायचा. धुरी बंद. खाली कोऱ्या कागदाच्या पट्ट्या घालायच्या आणि त्या रोज बदलायच्या, कारण मुताचा उग्र वासही छातीला जाळतो. टोपली झाकून शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवायचे, नुसती वाफ, त्यात काही टाकायचे नाही. भाकरी दुधात भिजवून थोडी थोडी द्यायची. उचलताना पोट दाबायचे नाही. हृदयासाठी थेंब. एक थेंब चमचाभर पाण्यात, आणि त्या पाण्यातला एक थेंब तिला. "उंदरांना हे औषध फारसे लागू पडत नाही," ते म्हणाले, "पण अपाय होणार नाही. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना देतात तेच आहे." रोग मुळातून जाईल असे त्यांनी सांगितले नाही. निरोप घेताना म्हणाले, "आणि मुख्य म्हणजे तिला जिनापासून लांब न्या."

ताईने टोपली उन्हात झटकली तेव्हा रुईचा ढग उठला आणि तिला स्वतःला खोकला आला. छापखान्यातून मी कोऱ्या कागदाची उरलेली टोके आणली होती. मामाजींनी त्याच्या पट्ट्या फाडल्या. त्या संपल्यावर त्यांनी आमच्या साप्ताहिकाचा जुना अंक मागितला, शाई सुकली आहे ना हे बोट घासून पाहिले आणि अग्रलेखाचे पान फाडायला घेतले.

"चाला," ते म्हणाले, "तुहा पेपर कोनाच्या तरी कामी आला."

उंदरीण पट्ट्या तोंडाने ओढून घर करू लागली. काही दिवसांत शिंका कमी झाल्या. डोळ्यांभोवतीची कड गेली. वाफेच्या वेळी ती टोपलीच्या कडेला येऊन नाक वर करी. पण वाटीच्या काठावर हनुवटी ठेवून झोपणे गेले नाही.

प्राध्यापकांनी दिलेली थेंबांची बाटली मामाजींनी ओळखली. त्यांच्या स्वतःच्या कोनाड्यात तशीच होती. माझ्या फाउंटनपेनात शाई भरायची काचेची नळी त्यांनी मागून घेतली, धुतली आणि रोज सकाळी तिच्या टोकाने उंदरिणीच्या ओठांवर पाणी लावले. मग वाटीतले आपले थेंब स्वतः प्यायले. पहिल्या दिवशी ताईने हे नुसते पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने विचारले.

"घेतलं काय औषद, मामाजी?"

"घेतलं. तिले देल्लं का मी घेतो." आणि मग, तिला कळले नसेल म्हणून, "जनावराच्या आंधी आपन खात नसतो, बाई. बैलाच्या दावनीत वैरन पडल्याशिवाय मी कई भाकर मोडली नाई."

तुळशीला आता नुसते पाणी मिळू लागले. मामाजींच्या पावलांची सूज उतरली. दम मात्र तसाच राहिला, आणि ते बसूनच झोपत राहिले.

जिनापासून लांब नेण्याची गोष्ट मी सांगितली होती. तेव्हा मामाजी टोपलीतल्या पट्ट्या बदलत राहिले. पुढच्या आठवड्यात मी जेवायला बसलो असताना त्यांनी ती काढली.

"मास्तर म्हनला, उंदराले जिनापासून लंब न्या."

"हो."

"अन मले?"

भाऊजींनी घास खाली ठेवला. "बाबा, एवढी मान्सं जिनात काम करते. कोनाले काई झालं?"

"तुमाले सकायी खोकला येते तो काय हाय मंग?" ताई चुलीपाशी बसून म्हणाली.

"तो बिडीचा हाय."

"तुमी बिडी कई पेता?"

भाऊजी हसले आणि त्यांनी घास पुन्हा उचलला. जिनावर त्यांचे पोट होते. वडिलांना मळ्यात नेऊन टाकले असे नातेवाईक म्हणतील, हेही होते. आणि डॉक्टर अकोल्यात होता. ही तिन्ही कारणे खरी होती. बाहेर तंतू तरंगत होते आणि ताईने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवले.

फाल्गुन लागला तशी उंदरीण थकत गेली. पंजे आणि शेपटी निळसर दिसू लागली, पोट फुगले. खाणे सुटले नव्हते, पण भाकरीचा तुकडा हातात धरून ती मध्येच थांबे, जणू काही आठवते आहे. मामाजी तिला तळहातावर घेऊन बसत. तळहात उघडा ठेवत. दोघांच्या श्वासांची लय वेगळी होती. तिचे कितीतरी श्वास होत तेव्हा त्यांचा एक होई. तरी दुपारी दोघे डुलत असताना पाहणाऱ्याला ते एकाच झोपेचे दोन भाग वाटत.

एका सकाळी मी स्टेशनावरून घरी आलो तेव्हा मामाजी ओट्यावर उभे होते. ते सहसा उभे राहत नसत. हातात कागदाच्या पट्ट्यांसकट एक पुडी होती. ते गल्लीकडे तोंड करून, दम घेत, पण स्पष्ट बोलले.

"आमच्या घरी उंदीर पडला."

समोरच्या घरातली बाई पाणी भरत होती. तिने कळशी खाली ठेवली. शेजारच्या दारात दोघे आले.

भाऊजी आतून धावत बाहेर आले. "बाबा, काय बोलून राह्यले? तो कॉलेजचा उंदीर. पांढरा. प्लेगचा नाई तो, छातीच्या रोगानं मेला."

"पडला का नाई पडला?"

"पडला, पन..."

"मंग. घर सोडा लागन."

"अवो, तो रिवाज घरच्या काया उंदरायसाठी हाय."

"रिवाजात रंग सांगतला हाय काय?"

समोरची बाई ताईला विचारत होती, कधी निघता. शेजाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, पांढरा काय न काळा काय, म्हातारा बरोबर बोलून राहिला, कायले जोखीम घेता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी प्राध्यापकांचे शब्द सांगू शकलो असतो, आणि सांगितलेही, की या रोगाची माणसाला भीती नाही. मामाजींनी ते शांतपणे ऐकून घेतले. "मास्तरनं आनखी काई सांगतलं होतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. ते पुडीमुळे होते, यात मला शंका नाही. पण तोंड एखाद्या सौद्यात जिंकलेल्या माणसाचे होते.

भाऊजी ओट्याच्या पायरीवर बसले. त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले.

"थेंब कोन देईन तिथं?" ते शेवटी म्हणाले.

"मी देईन," ताई म्हणाली. "मी जातो संगं."

दुपारच्या मोटारीने मामाजी आणि ताई मळ्यात गेले. मामाजी पुढच्या बाकावर, पाठीला वळकटी, मांडीवर टोपली. पडलेला उंदीर घासलेट टाकून जाळतात. मामाजींनी उंदरीण जाळू दिली नाही. मळ्याच्या बांधावर, बाभळीखाली, कागदासकट पुरली.

भाऊजी आठवड्याला जात आणि थेंबांची बाटली घेऊन जात. मी बाजाराची बातमी तारेने पाठवून एकदा त्यांच्याबरोबर गेलो. तुराट्यांच्या कुडाची नवी झोपडी उभी होती, तिला दार नव्हते. बियाण्यासाठी सोडलेल्या कांद्याला फुले आली होती, पांढरे गोल गोंडे, उंच दांड्यांवर, वाऱ्याने हलत. हवा रिकामी होती. ताई पाटाच्या कडेला वांगी तोडत होती. तिने बोट तोंडाशी नेऊन आम्हाला गप्प राहायला सांगितले. सकाळी बैलापुढे वैरण टाकतात, मग थेंब घेतात, ती हळूच म्हणाली, त्याशिवाय नाही.

मामाजी आंब्याच्या सावलीत उघड्या जमिनीवर होते. वळकटी बाजूला पडली होती. ते आडवे होते, पाठीवर, हात अंगासोबत पसरलेले. भाऊजी एकदम थांबले. आम्ही दोघे तिथेच उभे राहून पाहत राहिलो. बराच वेळ काही दिसले नाही. मग धोतराची घडी वर आली, थांबली आणि सावकाश खाली गेली.

"झोपले," भाऊजी म्हणाले, आणि पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.